खिडकी क्रमांक चार

सेरँमध्ये नदीकाठी जिथे भट्टी होती
तिथे आता गवत आहे, आणि गवतात जाऊ नका म्हणणारी पाटी.
त्याच रस्त्यावर आमच्या युनियनचं ऑफिस.
आमच्या बेल्जियममध्ये बेकारीचा भत्ता
युनियनच्या खिडकीतूनही मिळतो,
म्हणून मी एकाच पगारात
दोन खात्यांच्या शिव्या खाते.

रविवारी सासूबाईंच्या टेबलावर
नासपतीच्या पाकातले मांसाचे गोळे.
फिर्मँ, माझा दीर, प्लंबर :
स्वतःची व्हॅन, स्वतःचे पाने, स्वतःचं कर्ज.
म्हणतो, गिस्लेन, तुझ्या लोकांनी मंगळवारी चौक अडवला,
टायर जाळले, माझ्या तीन न्हाण्या राहिल्या,
आणि ज्यांच्यासाठी जाळले
ते ऐतखाऊ घरी लोळत होते.
सासूबाई म्हणतात, आधी जेवा.
मी जेवते.

सोमवारी खिडकी.
निळं कार्ड, त्यावर महिन्याचे चौकोन.
ज्या दिवशी काम मिळालं तो चौकोन काळा करायचा,
कामाला हात लावण्याआधी, पेनानं, खाडाखोड चालत नाही.
कोऱ्या दिवसाचे पैसे.
वीस वर्षं झाली, मला हे अजून उलटंच वाटतं.
शाळेत कोरं ठेवलं की भोपळा मिळायचा.

नुन्झिया कार्दिलो, इस्पितळाच्या फरश्या पुसून मनगट गेलेली,
कार्ड सरकवते आणि काचेला तोंड लावून सांगते,
माझं हक्काचं आहे हो, सत्तावीस वर्षं कापून घेतलेत.
पण तो मागचा पाहिलात? बूट बघा त्याचे.

बूट खरंच नवे होते.
महजूब म्हणाला, मुलाखतीसाठी घेतलेत, उसने पैसे काढून.
माझं दोन महिन्यांपुरतंच.
पण ती आत्ता गेली ना, तिचा नवरा कमावतो म्हणे.

त्याच्यामागे म्हातारा हाँके, भट्टीवरचा.
त्याला भत्ता नको असतो, युनियनचं कॅलेंडर हवं असतं.
आम्ही चौदा आठवडे बर्फात उभे होतो, तो म्हणतो,
दाराशी कोळशाची शेगडी, घरात बायकोचं माहेरचं पीठ.
ते काय यांच्यासाठी?
यांना मोर्चा म्हटलं की कंबर धरते.

प्रत्येकाचं आपलं ते घामाचं,
दुसऱ्याचं ते फुकटचं.
एवढीशी रांग, आणि तिच्यात कुणीच बेकार नाही,
सगळे फक्त बेकारांच्या मध्ये सापडलेले.

मी काचेच्या अलीकडे आहे म्हणून शहाणी नाही.
एकदा एका पोरीच्या नखांवरचा रंग बघून
शिक्का जरा जोरातच मारला.
ती दचकली.
त्या दचकण्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

नोव्हेंबरात रात्री दहाला फिर्मँचा फोन.
एका मित्रासाठी विचारतोय, म्हणाला.
स्वतःचा धंदा असलेल्याचा धंदा बसला
तर त्याला काही असतं का?
मी म्हटलं, असतं, थोडं.
आमच्याकडे नाही, दुसऱ्या खात्यात. त्यानं भरलेल्या हप्त्यांमधूनच.
तिथे रांग असते?
असते.
मग बराच वेळ तो गप्प
आणि पलीकडून नुसता नळ ठिबकत होता.
प्लंबरच्या घरात.

पुढच्या रविवारी त्यानं सवयीनं
पुन्हा चौकाचा विषय काढला.
टायर झाले, धूर झाला, तीन न्हाण्या झाल्या,
घरी लोळणारे, इथपर्यंत आला
आणि बटाटा अडकल्यासारखा थांबला.
सासूबाईंनी पाणी पुढे केलं, विचारलं, कोण रे लोळणारे?
कुणी काही बोललं नाही.

निघताना चार पानी फॉर्म
मी त्याच्या कोटाच्या खिशात सरकवला.
वर पेन अडकवलं.
काळं.