कोणाला भेटायचंय?

ॲबरडीनमधल्या एका वर्तमानपत्राच्या दारावर
मी रात्रपाळीला बसतो. ओसेई. एजन्सीचा माणूस.
टेबलावर एक वही, पेपरमिंटची वाटी
आणि पाहुण्यांचे बिल्ले छापणारं यंत्र.

बिल्ल्याच्या कागदात कसलंसं रसायन आहे.
आठ तास झाले की आतून लाल रेघा वर येतात,
कालच्या बिल्ल्यावर आज कोणी घुसू नये म्हणून.

मोरॅग गन इथे अकरा वर्षं पाहुणी होती.

सहाला यायची, कोटाला समुद्रावरचं धुकं चिकटलेलं.
वहीत रकाने : नाव, वेळ, कोणाला भेटायचंय.
आधी ती संपादकांचं नाव लिहायची.
संपादक चारदा बदलले,
चौघांच्याही निरोपाच्या कार्डावर तिची सही आहे.
मग नुसतंच 'बातम्यांना' लिहू लागली.
मी कशाला हरकत घेऊ?

दोनच्या सुमारास सिगारेटसाठी खाली उतरायची
तेव्हा छातीवरचा बिल्ला लाल होत आलेला.
'पिकले बघ,' म्हणायची,
आणि तशीच वर जाऊन पहिलं पान लावायची.

दर अकरा महिन्यांनी तीन आठवडे घरी.
सलगपणा मोडायला लागतो म्हणे,
नाहीतर माणूस कायद्याच्या मोजमापात येतो.
त्या दिवसांत तिच्या खुर्चीवर कोणाचंही जॅकेट पडायचं.
एकदा तर मेलेल्या माणसाचं वय
त्याच्या आईपेक्षा जास्त छापलं.

फ्रेझरबरोची बोट बुडाली त्या रात्री वर ती एकटी.
पाच नावं, पाच घरं, पाच फोन.
स्पेलिंग विचारायला फोन करायचा,
पण पलीकडे कळलंय की नाही, हे कोणाला ठाऊक?
म्हणून आधी विचारायची : तुमच्याजवळ कोणी आहे का?
जिन्यापर्यंत ऐकू यायचं मला.
एकही अक्षर चुकलं नाही.
त्या पानाला बक्षीस मिळालं.
जेवण कायम नोकरांसाठी होतं.
फ्रेम माझ्या खुर्चीमागे आहे, नावांची यादी खाली.
शोधू नका, मी शोधून झालंय.

पुढे गोदामातल्या रोजंदारीवर अग्रलेख आला.
'माणसं वापरून फेकणारे' वगैरे. जळजळीत.
सकाळी ताजा अंक माझ्यासमोर ठेवून म्हणाली,
'यातले स्वल्पविराम माझे. नऊ आहेत.
चांगला झालाय लेख.'
यात टोमणा होता की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

गेल्या मंगळवारी ती आली आणि यादीत नाव नव्हतं.
मेल सहा बाविसला आला,
उत्तर पाठवता येत नाही अशा पत्त्यावरून.
आम्ही दोघांनी तो माझ्याच फोनवर वाचला.
तिनं एक चूक दाखवली, 'अनुभवा'तला.
मग वही ओढली. नाव. वेळ.
कोणाला भेटायचंय, तिथे लिहिलं :
ओसेई, दारावरचा.

मी बिल्ला छापला.
नियमात बसतं ते, मी वाचलाय नियम.
थर्मासमधला चहा दोघांत पुरला नाही,
पेपरमिंट मात्र संपल्या, पहिल्यांदाच.
दोनला तिचा बिल्ला लाल झाला,
तिनं तो काढून माझ्या बाहीला चिकटवला,
माझ्या एजन्सीच्या नावावर बरोबर.

आगीची घंटा वाजली की
वही घेऊन बाहेर पळायचं, पाहुण्यांची नावं पुकारायची,
हे माझं काम.
कायम माणसांची यादी वर कुठेतरी असते.
अकरा वर्षांत आग लागली नाही.
लागली असती तर या इमारतीत
तिचं नाव मोठ्यानं घेणारा मी एकटाच असतो.