सामान सांभाळणारा

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
बोरिवलीत, जेट्टीच्या रस्त्यावरच्या उडप्याकडे
आम्ही पाच जण जमतो.
विषय एकच : खाडीपलीकडचं ते पार्क,
ज्याच्या फाटकाला आता कुलूप आहे
आणि आमच्या बोलण्याला नाही.

मेल्विन म्हणतो, कोस्टरचा खरा मान शेवटच्या डब्याला.
पहिला डबा कड्यावर क्षणभर विचार तरी करतो,
शेवटच्याला विचारतंय कोण,
पुढचे त्याला फरफटत नेतात.
हेमांगी राजाध्यक्ष टेबलावर चमचा आपटते.
पहिला! समोर कुणाचं डोकं नको.
अठ्ठावीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसून
डोकीच बघितली मी.

झरीन वही उघडते.
तिच्याकडे रांगांचा हिशेब आहे, पेन्सिलीने, मिनिटांसकट.
मे महिना, पाण्याची घसरगुंडी : सत्तावन्न मिनिटं,
पैकी अकरा उन्हात.
शेरा : एक इसम 'माझा भाऊ पुढे उभा आहे' म्हणत घुसला.
पुढे भाऊ नव्हता.
मेल्विन गप्प होऊन सांबार ढवळत राहतो.

पुंडलिक तांडेल तिथे कामालाच होता,
सात वर्षं.
पट्टा ओढून बघायचा, दांडा खाली दाबायचा,
गुडघ्यांवर दोन थापा : बसा निवांत.
उंचीच्या फळीपाशी पोरं टाचा उचलायची.
'मग? सोडायचास?'
'टाच हाताने खाली बसवायचो.
रडायची, शिव्या द्यायची, एक तर चावला.
पण पट्ट्याला टाचा कळत नाहीत.'
एवढं बोलून तो चहा बशीत ओततो.

आणि मी?
मी एकदाही बसलो नाही.
मी खाली, बदामाच्या झाडाखालच्या बाकावर,
मांडीवर चार पर्सा, तीन चष्मे,
रुमालात गुंडाळलेली मेल्विनच्या वडिलांची कवळी,
पायांशी चपलांचे जोड, नाकं पुढे करून,
जणू त्यांनाही आत सोडणार होते.

साखळी कट्-कट्-कट् डबे वर न्यायची.
मग साखळीचा आवाज थांबायचा.
त्या शांततेत किती मावायचं
याबद्दल वहीत नोंद नाही.
मग किंकाळ्या.
मेल्विनची ओळखू यायची, झरीनचीही.
माझ्या बायकोची यायची नाही,
कारण ती ओरडायचीच नाही,
हसत असायची म्हणे.

उतरली की केस बांधत विचारायची,
'बघितलंस?'
मी म्हणायचो, हो.
डबा कोसळायचा नेमक्या त्या वेळी
मी सामान मोजत असायचो.
दर वेळी.
हे मी तिला सांगितलं नाही,
आणि आता तिच्या खुर्चीवर
आम्ही पिशव्या ठेवतो.

आज बिल देताना हेमांगी एकदम म्हणाली,
चला, बोटीने पलीकडे जाऊन येऊ.
तिथे काय आहे आता?
काही का असेना.

जेट्टीवर रांग होती.
मासळीच्या रिकाम्या टोपल्या, दोन स्कूटर,
शाळेचं दप्तर उलटं लावलेला मुलगा.
झरीनने घड्याळ लावलं.
मेल्विन रांगेची सावली कुठवर जाते ते मोजू लागला,
इथे पंखा हवा होता, म्हणाला,
आणि कठडा असा वळवला असता
तर माणसाला वाटलं असतं, आपण पुढे सरकतोय.
नऊ मिनिटं.

बोटीत चढायच्या आधी
मी चष्मा काढून मेल्विनकडे दिला.
का, ते त्याने विचारलं नाही.
रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

इंजिन धडधडलं. खारफुटी धूसर हिरवी मागे सरकली.
समोरून येणाऱ्या बोटीची लाट लागली,
लाट कसली, डुचमळणंच ते,
दप्तरवाल्या मुलाला कळलंसुद्धा नाही.
माझे हात मात्र दांडा शोधू लागले,
पोटासमोर, हवेत.

पुंडलिकने माझ्याकडे पाहिलं नाही.
खाडीकडे बघत बघतच
माझ्या गुडघ्यांवर
दोन थापा मारल्या.