घर क्रमांक सतरा

नवतपाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चिठ्ठ्या काढल्या.
गोळीबार चौकाच्या मागची चाळीस घरं,
वीस टिनांना चुना, वीस तशीच.
तशीच म्हणजे कंट्रोल,
असं मी प्रस्तावात लिहिलं होतं
आणि ठवरे मॅडमनी त्या शब्दाखाली
बरोबरची खूण केली होती.

इंदुमती पौनीकर यांची चिठ्ठी कोरी निघाली.
चुन्याच्या बादल्या मात्र त्यांच्याच अंगणात ठेवल्या,
कारण त्यांच्या नळाला पाणी येतं.

फिरदौस टिनाखाली तापमापक टांगायची,
मी खाली बसून नऊ प्रश्न विचारायची.
गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का,
झोप लागली का,
कधीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून जास्त, जवळपास रोज.

बाई कांड्या भरता भरता बोलायच्या.
"झोप? कूलर गरम हवा फेकून राहिला बाप्पा,
अन् बत्ती गेली का थो बी नाही.
कोराडीची धुराडी इथून दिसते,
बत्ती काहून दिसत नाही मंग?"
चार पर्यायांतला एकही लागू पडेना.
मी समासात लिहिलं, कोराडी.

नववा प्रश्न हळू आवाजात विचारायचा,
असं प्रशिक्षणात सांगितलेलं.
आपण नसलेलं बरं, असं कधी मनात येतं का?
"मी गेल्यावर बिल कोण भरन?"
म्हणाल्या आणि हसल्या.
हसणं संपलं तरी
कांडी बराच वेळ फिरली नाही.
मी हेल्पलाइनच्या नंबरचा कागद दिला.
त्यांनी तो साखरेच्या डब्याखाली सारला
आणि विचारलं, "तुले लागते का झोप?"

त्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर
ओली चादर अंगावर घेऊन
मी माझीच बेरीज केली.
चौदा.
फिरदौसला सांगितलं नाही.
तिच्याही पांघरुणाखाली मोबाईलचा उजेड होता,
तिनं तिची सांगितली नाही.

सातव्या सकाळी तिच्या फोनवर
घर सतराची रेघ एकदम खाली आलेली.
परवा दुपारी दोनला सत्तेचाळीस,
काल दोनला बेचाळीस.
यंत्र बिघडलं म्हणून आम्ही
तोंडाला दुपट्टे बांधून निघालो.

टिन पांढरं होतं.
वेडंवाकडं, हात पोचला तिथवर,
कडेला अनवाणी पावलांचे ठसे.
कांडीच्या लाल सुतालाही चुना लागलेला.
"परवा रात्री चढली. झोप येतच नव्हती,
मंग म्हटलं, झोपेचंच काम करू."

वय एकोणसाठ. अंधार. टिन.
मी रागवायला हवं होतं,
निदान मॅडमना फोन तरी.
मी विचारलं, "काल किती तास?"
"सहा. मधात उठली नाही."

फिरदौस शिडी लावून वर गेली.
तापमापक काढायला, असं म्हणाली,
पण ब्रश मागून घेतला
आणि राहिलेला कोपरा पुरा करूनच उतरली.
मी खाली वहीत नोंद केली :
घर सतरा, नमुन्यातून बाद.
कारण
आणि तिथं पेन थांबलं.

आता आमच्या निबंधात एकोणचाळीस घरं आहेत.
तक्ते सुबक आलेत.
नवतपा सरल्यावर उरलेली एकोणीस टिनंही
रंगवून झाली, बाई खालून सांगत होत्या
कुठं जाड झालं, कुठं पातळ.
चाळिसावं घर तळटिपेत आहे, एका ओळीत :
सहभागी व्यक्तीने स्वतःहून हस्तक्षेप केला.

मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली.
खूण काही केली नाही.
चष्मा काढून एवढंच विचारलं,
"टिनावर भोवळ-बिवळ नाही ना आली त्यांना?"

नाही, म्हटलं.
झोपल्या.