विरजण

यानिनात नोव्हेंबरमध्ये तळ्यावरचं धुकं
इस्पितळाच्या पार्किंगपर्यंत येतं, पुढे येत नाही.
मी तळघरात. मला खिडकी नाही,
सदतीस अंशांचं एक कपाट आहे.
त्यात रात्रभर जे वाढतं
ते सकाळी वाचायचं, एवढंच माझं काम.

सहा नंबरच्या खाटेवरून बाटली आली होती:
श्वासनळीतून ओढून काढलेला चमचाभर स्राव,
घट्ट, पोपटी.
झोइत्सा, वय एकाहत्तर.
मशीनवरचा दिवस आठवा.

सकाळी ताटलीचं झाकण उचललं
आणि पिकल्या द्राक्षांचा वास आला.
हुंगायचं नसतं. भिंतीवर तशी पाटी आहे.
पण सव्वीस वर्षं मुरलेल्या नाकाला
पाटी कुठे वाचता येते?
ताटली हिरवीनिळी,
तांब्याचं भांडं कळकावं तशी.

तिचा मुलगा नासिओस कॉफीचं मशीन शोधत
चुकून खाली उतरला होता आदल्या दिवशी.
दारातच उभा राहिला, बोलत राहिला.
आई वर मेत्सोवोत चीज करते, म्हणाला,
लाकडी पिंपात, चाळीस वर्षं.
पिंप कढत पाण्याने घासते, पण अगदी लख्ख नाही.
थोडं राहू द्यावं म्हणते.
आधीचं काही नसेल तर पुढचं दूध धरत नाही.
मग विचारलं, तुम्ही इथे काय करता?
मी म्हटलं, तेच.
तो हसला नाही. मलाही हसू आलं नव्हतं.

घशाला एक दार असतं,
घास गिळताना आपलं आपण लागतं.
नळी त्या दारात पाय घालून उभी राहते.
श्वास आत जायला हवा म्हणून उभी राहते,
आणि तिच्या कडेने, फुग्याला चुकवून,
थेंब थेंब लाळ उतरते
आणि तिच्यासोबत जे तोंडात येऊन राहिलेलं असतं ते.
त्यांना कुणाचं वाईट करायचं नसतं.
ऊब मिळाली की बिऱ्हाड मांडायचं, एवढंच.

वरच्या मजल्यावर पोलिक्सेनी
उशाकडची बाजू उचलून ठेवते,
फुग्याचा दाब बघते, स्राव ओढते,
ओल्या ब्रशने झोइत्साचे दात घासते.
स्वतःच्या आईचे कधी घासले नाहीत, म्हणते,
आणि पुढच्या खाटेकडे जाते.

दुसऱ्या दिवशी टिकल्यांची ताटली.
अकरा औषधं.
दहांच्या अगदी कडेपर्यंत हिरवळ पोचलेली,
जणू मध्ये काही ठेवलेलंच नाही.
अकरावीभोवती मोकळं रिंगण.
पट्टी लावली. मोजलं.
पट्टी पुसून पुन्हा मोजलं.
सहा वाजून दहा मिनिटांनी वर फोन केला.
डॉक्टर म्हणाला, हे किडनीला जड जाईल. दुसरं काही?
नाही.
बरं, म्हणाला,
आणि फोन ठेवायला विसरला.
मला मशीनचा आवाज ऐकू येत राहिला, तिच्या वाटचा श्वास,
घेतला, सोडला,
घेतला.

एकविसाव्या दिवशी नळी निघाली
आणि पिशवीतून माझ्याकडे आली.
ब्लेडने उभी चिरली.
आत साय धरली होती,
पातळ, चिवट, सुरकुतलेली,
एखाद्या पिंपाला आतून धरावी तशी.
बोटाएवढ्या नळीत एवढा संसार.
आता ती बघायला हवी होती, असं मनात आलं.
तिने नखाने खरवडून सांगितलं असतं
किती दिवसांची आहे ते.

जानेवारीत नासिओस परत आला,
कागदात गुंडाळलेला तुकडा घेऊन.
खालच्या बाईसाठी, आईने दिलाय.
आवाज कसा आहे तिचा? मी विचारलं.
मी तो कधी ऐकलाच नव्हता.
घोगरा, म्हणाला. रागावते तेव्हा शिट्टी वाजते.

लॅबमध्ये खायला बंदी.
पार्किंगमध्ये गेले, धुक्यात उभी राहिले,
कागद उघडला
आणि आधी हुंगला.
धूर, मीठ, मेंढीचं काहीतरी.
मग खाल्ला. जरा खारट होता.