पट्टे

चिखलीच्या उतारावर, शिपयार्डचा भोंगा व्हायच्या आधी
शाणू च्यारीचं शटर अर्धंच वर असतं.
स्कूटरवर पायापाशी एक टाकी, मागे दोरीनं बांधलेली दुसरी.
उतरवेपर्यंत घामाघूम झाले.

"एका मापाच्यो?"
एकाच दिवशी घेतल्यात, म्हटलं, एकाच दुकानातून.
"ते लग्नात सांग. मला माप सांग."
त्यानं कॅलिपर उघडला,
दोघींच्या कमरा मोजल्या, वर, मध्ये, खाली.
एकशे चौऱ्याऐंशी. सहाही वेळा.
तेव्हा कुठे मान हलली.

मी आणलेले पट्टे मडगावच्या भंगारातले,
आठ इंची पोलादी टाक्यांचे. स्वस्तात मिळाले.
मध्ये सायकलची ट्यूब घालू या ना, म्हटलं,
तर असा बघितला,
जणू मी हुमणात बंदरातलं पाणी ओतायला निघालेय.
"रबर मीठ धरून बसतं गो.
वरून चकचकीत, आतून खाणं चालूच."

मग चार दिवस. स्टेनलेसची पट्टी, दोन बोटं रुंद,
पाइपावर वाकवून, कानशीनं कडा मोडून.

गुरुवारी लेव्हलचा बुडबुडा बघून त्यानं लादी निवडली.
रिकाम्या टाक्या उभ्या. आधी डोक्यावरची नळी,
जी दोघींचा श्वास एक करते, ती हातानं,
पान्यानं नाही.
पट्टे खालून. मला सुचलं, चुडा चढवतात तसे.
शाणू म्हणाला, पिंपाला कडी चढवतात तसे.

वरचा पट्टा, जिथे खांदा संपून सरळ अंग सुरू होतं तिथे.
खालचा, बोल्टापासून बोल्टापर्यंत बरोब्बर अकरा इंच,
कारण पाठीच्या पत्र्याला भोकं तिथेच आहेत.

आणि तिथेच एव्हारिस्तचं नाव.
खिळ्यानं रंगात कोरलेलं, वाकडं.
तो स्विंडनला गेला, गोदामात खोकी भरतो,
टाकी माझ्याकडे ठेवून.
'परत येईन तेव्हा' असं काही म्हणाला नव्हता.
म्हणाला होता, आत थोडी हवा ठेव,
रिकामी ठेवलीस तर दमट होईल.

जरा खाली सरकवता येईल का, मी विचारलं.
"पट्टा नाही सरकत. नाव सरकव."

इकडे अर्धा फेरा. तिकडे अर्धा. परत इकडे.
एकीकडेच आवळलं तर वरची नळी पिळते,
आणि पिळलेली नळी
ग्रँड आयलंडच्या गढूळ पाण्यात, खालीच गेल्यावर सांगते.
शेवटी त्यानं दिवा बंद केला,
पट्ट्यामागे बॅटरी धरली.
"पळय. उजवाड दिसता?"
मी वाकून बघितलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.
फक्त एव्हारिस्तच्या ए-ची एक तंगडी
पट्ट्याच्या वर राहिली होती.

पैसे घेताना त्यानं भंगारचे पट्टे ठेवून घेतले,
कोणाच्या तरी गेटाला होतील म्हणून.
"उचल. हलवून बघ."
गुडघे वाकवले, दोघींना मिठीत घेतलं, हलवलं.

काही वाजलं नाही.