त्या दिवशी तारी काय जेवला

चोडणच्या वाचनालयात पंखे दोन, त्यातला एक फिरतो.
बत्तीस खुर्च्या, नऊ बालवाडीतून आणलेल्या,
त्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले निवृत्त मास्तर.
टेबलावर माझे चारही खंड.
तिसऱ्याचा पुठ्ठा सुटलाय. बरं वाटलं.

पहिला हात घाड्यांच्या तन्वेशचा. नववीत आहे.
पाचवा कधी?
लिहून होईल तेव्हा, मी म्हटलं.
चार वर्षं हेच उत्तर देतेय,
दर वेळी ते थोडं अधिक खोटं होतं.

मग नकाशा.
दुसऱ्या खंडात नितळ नदी बेटाच्या डावीकडून जाते,
चौथ्यात उजवीकडून. ही जादू की चूक?
चूक.
पण आता छापली गेलीय, तेव्हा पाचव्यात तिला कारण मिळेल.

पुण्याहून एकांनी कळवलं होतं:
दिवसातून दोनदा उलटी वाहणारी नदी!
काय तुमची कल्पनाशक्ती!
ते पत्र वाचून दाखवलं
आणि सगळं वाचनालय खिडकीकडे वळून हसलं.
बाहेर खाडीला भरती लागली होती,
कुणाची तरी एक चप्पल
डोंगराच्या दिशेने निघाली होती.

सुलक्षा कुडणेकर वही घेऊन उभ्या राहिल्या.
समुद्र थोपवणाऱ्या सात मानशी, पैकी पाच उघडल्या,
सहावीची किल्ली कोणाकडे?
वहीत अख्खी वंशावळ. मेलेले लाल शाईत.
माझ्याकडेही नाही अशी.
मी ती चार दिवसांसाठी मागितली.
त्यांनी वही पदराखाली घेतली.

आणि रुमडो तारी का मारलात?
आमच्या धाकटीनं आठवडाभर तुमचं नाव घेतलं नाही.
कथेची गरज, मी म्हणाले.
कंडक्टरनं न बघता सुटे परत करावेत
तसं ते तोंडातून आलं.

मागच्या बाकावर रोझालिन माय.
तिला देवनागरी येत नाही.
शेजारची पोर मोठ्यानं वाचते,
ही जाळ्याची भोकं सांधत ऐकते, चारही खंड असेच झाले.
तिनं हात वर केला नाही, नुसतं विचारलं:
बाय, त्या दिसा तो जेवलो काय?

कोण?

तारी गे. फांतोडेर व्हडें घेवन गेलो, रातीं मेलो.
मदीं कितें खालें ताणें?

मी तिसरा खंड उघडला, तशीच उभी राहिले.
एकोणीसशे पानं. दोन ग्रहणं, एक राज्याभिषेक,
शापांची तर मोजदादच नाही,
आणि कुणी भात खाल्लेला नाही.
मेजवानी आहे एके ठिकाणी,
पण तिथले पदार्थ दागिन्यांसारखे मांडलेत,
कुणी चावत नाही.
चौदा तास वल्हं मारायला लावून
मी त्या माणसाला उपाशीपोटी बुडवला होता.

ठाऊक नाही, मी म्हणाले.
तन्वेशनं तेही लिहून घेतलं.

चिंतून सांग, माय म्हणाली,
हांव रावतां. पूण चड ना.

सहाची फेरी. स्कूटर, भाजीच्या पाट्या,
झोपेतून उठवलेलं एक पोर.
सुकाणूच्या पायरीवर खलाश्याचा डबा, झाकण लावलेला.
मी बराच वेळ त्याच्याकडे बघत होते;
तो म्हणाला, कितें गे?
इंजिनाच्या आवाजात मी काही नाही म्हटलेलं
त्याला ऐकू गेलं नसावं.

मानधनाच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं:
कोरगुटाची पेज, खापरातली.
कैरीचं मिसकूट. मूठभर सुकी सुंगटं.

माझ्या त्या जगात वार नाहीत,
मी कधी ठेवलेच नाहीत.
तरी तो सोमवार होता.
सुंगटं खोडली.

रायबंदर आलं.