पदरमोड

तार्तूत जानेवारीचा दिवस चारलाच आटोपतो.
तळघरात वाइके दिवा लावत नाही,
टेबल हलू नये म्हणून
बूट दाराशी काढून मोज्यांनीच वावरते.

लेझरच्या चिमटीत एक मणी,
केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढा.
भोवती थेंबभर पाणी,
आणि पाण्याला स्वस्थ बसणं ठाऊक नाही.
ढुशा, धक्के, सगळीकडून, सतत.
मणी थरथरतो. वाटतं, आता थांबेल.

ती तो ओढते. इथून तिथे.
सावकाश ओढला असता
तर जेवढ्यास तेवढंच पडलं असतं.
पण सावकाश म्हणजे किती? पुस्तक म्हणतं, अनंत.
वाइकेला पाच दहाची बस गाठायची असते.
मग घाई, आणि घाईची किंमत पाण्याला:
दर खेपेला थोडी पदरमोड,
दिलेली ऊब, जी परत मागता येत नाही.

खेप सहाशे बारा. तोटा.
सहाशे तेरा. तोटा.
सहाशे चौदा. जरा कमी, पण तोटाच.

नऊशे एक्केचाळिसाव्या खेपेला
मणी किमतीपेक्षा स्वस्तात पोचला.
पाण्यानंच मागून रेटला,
जसं वाण्यानं आपणहून
सुटे पैसे जास्तीचे हातावर ठेवावेत.
नियम मोडला? नाही.
नियमातच लिहिलंय ते,
बारीक अक्षरात.

नवा मुलगा, तानेल, म्हणाला,
हा बिंदू वेडावाकडा आहे, खोडू?
हात लावू नकोस, ती म्हणाली.
साधी सरासरी काढलीस
तर आपली घाईच तेवढी मोजशील.
मुळात किती लागणार होतं
ते या एकाच्या वजनावर ठरतं.
बाकीचे नऊशे चाळीस मिळून
त्याच्यापुढे हलके.

तिचे वडील पेइप्सीवर मासे धरायचे.
दार आपटल्यावर कळायचं, आले.
अकरा वर्षं, प्रत्येक संध्याकाळ, तेच दार.
एकदाच मार्चमध्ये
त्यांनी तिला कोटात गुंडाळून तळ्यावर नेलं,
बर्फाला कान लावायला सांगितला:
ऐक, हे असं कण्हतं तेव्हा धरतं,
गप्प झालं की पळायचं.

आई म्हणायची, एकदा नीट वागला,
त्याचं काय लोणचं घालायचंय?
वाइकेला तेव्हा उत्तर सुचलं नाही.
आताही नाही.
माणसांना हे सूत्र लागत नाही, तिला माहीत आहे.
पडताळायला खेपाच कमी पडतात.

तरी तो कान
अजून गार आहे, डावा.

पाच दहाची गेली.
पुढची पाच पन्नासला. बाहेर उणे एकोणीस.
पडद्यावर हिरवी रेघ हलते आहे,
तानेल टोपी शोधतो आहे.
ती मणी मूळ जागी आणते,
श्वास धरते, ओढते.

तोटा.